कोंबडी बसवायची ती संक्रांतीनंतर

निवृत्त होऊन गावी राहायला आलेले बरेच जण आधी जाळीचं मोठं खुराडं करून घेतात, मग बाजारात मिळतील त्या कोंबड्या आणून टाकतात, आणि मे संपेपर्यंत त्यातल्या निम्म्याही उरत नाहीत. माझं सांगणं असं की आधी कॅलेंडर बघा, खुराड्याचं नंतर. पिल्लू कोणत्या महिन्यात अंड्याबाहेर आलं, यावर ते जगेल की नाही हे बरंचसं ठरून जातं. आम्ही भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला, धानाच्या पट्ट्यात राहतो. इथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पावसाळ्यात सांदवाडीतली, म्हणजे परसातली, माती चार महिने ओलीच असते. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची आहे.

मी उपकेंद्रावर नर्स होते, आमचे हे एसटीत ड्रायव्हर. आता कोंबड्या माझ्याकडे आणि तलावावरची गरी यांच्याकडे, अशी कामाची वाटणी आहे. दोन्ही कामं एकमेकांना किती धरून चालतात, ते पुढे येईलच.

हिशेब साधा आहे. अंड्यातून पिल्लू यायला २१ दिवस लागतात. संक्रांत झाली की कोंबडी अंड्यांवर बसवली तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं फुटतात. तेव्हा कडाक्याची थंडी सरलेली असते आणि ऊन अजून बोचत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत पिल्लं साडेतीन महिन्यांची, अंगावर पूर्ण पिसं असलेली होतात. आखाडात गावरान कोंबड्याला मागणी असते, तोवर नर विकायजोगे झालेले असतात. पुढे श्रावण लागला की महिनाभर कोणी विचारत नाही, म्हणून विक्री त्याआधीच उरका. तलंगा, म्हणजे तरुण माद्या, सहा-सात महिन्यांच्या झाल्या की, राखी-पोळ्याच्या सुमाराला, अंड्यावर येतात. दुसरी बसवण पोळ्यानंतर करा. त्या पिल्लांना थंडीच्या आधी पिसं फुटलेली असतात.

मे महिन्यात कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसू लागली, तरी बसवू नका. अंडं उबेला लागायच्या आधीच, नुसत्या हवेच्या गरमीने, आतला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. अशा कोंबडीला तीन-चार दिवस अंड्यांच्या जागेपासून दूर, सावलीत, तळाशी हवा लागेल अशा डालग्याखाली ठेवा. दाणापाणी तिथेच द्या. तिची खुडकी उतरते.

बसवायची अंडी निवडताना फार मोठी घेऊ नका, फार लहानही नको. तडा गेलेलं, लांबुळकं, खरबरीत कवचाचं बाजूला काढा. अंडी धुवायची नाहीत. कवचावर जो पातळ थर असतो तो धुतला की आत जंतू शिरायला वाट मोकळी होते. टोपल्यात कनकी, म्हणजे तांदळाची कणी, पसरून त्यात निमुळतं टोक खाली करून अंडी ठेवा, आणि आठवड्याच्या आतली अंडीच वापरा. गावरान कोंबडीच्या पंखाखाली दहा-बारा अंडी नीट मावतात. हावेने जास्त ठेवली तर कडेची गार पडतात, मग कोंबडी ती फिरवून मधली कडेला लोटते, आणि सगळ्यांचंच नुकसान होतं. टोपल्यात खाली चुलीतली थंड राख, वर तणस (धानाचा पेंढा) आणि कडुनिंबाचा पाला घाला. पिसवा आणि उवा झाल्या तर कोंबडी अंडी सोडून उठते.

सातव्या रात्री अंधारात अंडं टॉर्चवर धरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. काहीच दिसलं नाही तर ते रिकामं आहे, काढून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पिल्लं पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा. हा थेंब मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. मानमोडी एकदा गावात शिरली की हिरवी हगवण, मान वाकडी, आणि चार दिवसांत आळीतली सगळी खुराडी रिकामी. त्याला औषध नाही, फक्त लस आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, तिथे मिळते किंवा कुठे मिळेल ते सांगतात.

लस जिवंत असते आणि उन्हाने मरते. बाळांच्या डोससाठी आम्ही बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायचो, ते याच कारणाने. नियम कोंबडीलाही तोच आहे. लस आणायला जाताना थर्मासमध्ये बर्फ घेऊन जा. बाटली शर्टाच्या खिशात घालून आणू नका. घरी फ्रिजमध्ये ठेवायची, बर्फाच्या खणात नाही. कालवायचं पाणीही थंड हवं. एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. बाटली शंभर पिल्लांची येते आणि तुमच्याकडे असतात वीस. म्हणून आळीतल्या बायांना आदल्या दिवशी निरोप द्या, सगळ्यांची पिल्लं सकाळी ऊन चढायच्या आत एका ओसरीवर जमवा. यात पैसे वाचतात, आणि शेजारच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्याही घराला धोका राहतो, तोही टळतो.

एक जण पिल्लू धरेल, एक जण थेंब टाकेल. थेंब डोळ्यात पसरला, पिल्लाने पापणी मिटली, की मग सोडा. आजारी, मान टाकलेल्या पिल्लाला त्या दिवशी देऊ नका. हात साबणाने धुतल्याशिवाय स्वतःच्या डोळ्यांना लावू नका, या लसीने माणसाचेही डोळे येतात. उरलेली लस उकळून मग खड्ड्यात टाका. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बी या मानमोडीच्याच लसीचं इंजेक्शन. फेब्रुवारीची पिल्लं असतील तर हे एप्रिलच्या सुरुवातीला येतं, म्हणजे ऊन कडक व्हायच्या आत सगळं पार पडतं. देवीची लस कधी टोचायची ते डॉक्टर सांगतील, तीही चुकवू नका.

उन्हाळ्याचं थोडक्यात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकून अंग थंड करते. त्यामुळे दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावरच टाका, पोटातलं पचतानाही अंग तापतं. पाण्याला मातीची परळं ठेवा आणि दुपारी पाणी एकदा बदला. गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी दुपारच्या वेळी फार कामाचं. खुराड्याच्या छपरावर तणस टाका, बाजूला ओलं पोतं टांगा. या दिवसांत अंड्याचं कवच पातळ येतं. त्यासाठी तलावाच्या काठावरचे रिकामे शिंपले आणा, उन्हात वाळवा, पाट्यावर भरड करून एका वाटीत वेगळे ठेवा. कोंबडी लागेल तेवढेच उचलते.

पावसाळ्यात खुराड्यात धानाचा तूस चार बोटं जाड पसरा आणि दर एक-दोन दिवसांनी उलथापालथ करा. मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल तर तो बदलायला झाला. ओल्या तुसातूनच पिल्लांना रक्ताची हगवण लागते. संध्याकाळी खुराडं बंद करताना टॉर्च आणि काठी हातात हवीच. अंड्यांच्या आणि उंदरांच्या वासाने साप येतो, तेव्हा अंधारात हात घालून अंडी चाचपायची नाहीत. मी नोकरीत सर्पदंशाचे रुग्ण पाहिलेत, म्हणून हे फार मनापासून सांगते. कोणाला चावलाच तर झाडपाल्यात वेळ न घालवता सरळ दवाखान्यात न्या.

आता तलावाकडे. आमच्या भंडारा-गोंदियाचे जुने तलाव बहुतेक कोहळी लोकांनी बांधलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले, म्हणून त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलाव. बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका ढिवर बांधवांच्या संस्थेकडे असतो. रोहू, कटला, मृगळ थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, संस्था पैसे देऊन आणून सोडते. तेव्हा तलाव सगळ्यांचाच आहे असं समजून गरी टाकू नका, आधी संस्थेला विचारा. आमचे हे विचारूनच बसतात, आणि मोठा रोहू लागला तर सांगून येतात. या ओळखीतूनच ढिवरभाऊंनी आम्हाला फाटकं जाळं दिलं. पिल्लांच्या वाड्यावर ते ताणून बांधलं की घार आणि शिकरा खाली येत नाहीत. लोखंडी जाळीपेक्षा हे हलकं आणि फुकटचं.

मांगूर आणि शिंगीला गांडूळ लावा, रोहूला शिजलेल्या कनकीची घट्ट गोळी. ऑक्टोबरपासून पाणी निवळतं, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत बसायला मजा. पावसाच्या सुरुवातीचे दोन महिने गरी आढ्याला टांगून ठेवा, तेव्हा मासे अंड्यावर असतात. मरळीच्या बाबतीत तर हे फारच पाळा. काठाजवळ पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका वळवळताना दिसला की त्याच्या खाली मायबाप राखणीला असतात. लोक नेमकं तिथेच बेडकी लावून गरी टाकतात. मोठी मरळ लागते खरी, पण राखण गेली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. ते बघवत नाही.

शिंगीचा काटा लागला तर हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, कळ उतरते. जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

माशाची आतडी आणि डोकी कोंबड्यांना कच्ची टाकू नका. उकळून, कोंड्यात कालवून, आठवड्यातून एक-दोनदा द्या. रोज दिली तर अंड्याला माशाचा वास येतो. कोंबडीच्या पिल्लांसाठी उधईचा, म्हणजे वाळवीचा, उपाय करा. फुटक्या मडक्यात शेण आणि ओलं तणस भरून, उधईच्या जागी संध्याकाळी पालथं घालायचं. सकाळपर्यंत मडकं भरतं. पिल्लांसमोर झटकलं की ती तुटून पडतात. आठवड्यात दोनदा असा चारा मिळालेली पिल्लं नुसत्या कनकीवरच्या पिल्लांपेक्षा लवकर भरतात, हे मी बघते.

मेलेली कोंबडी तलावात किंवा नालीत टाकू नका, हातभराहून खोल खड्ड्यात वर चुना टाकून पुरा. आणि एकाच दिवशी तीन-चार मेल्या, किंवा गावात कावळे मरून पडलेले दिसले, तर कापून खायचा विचार न करता पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. २००६ साली देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नवापूरला. कळवल्यावर सगळ्या कोंबड्या जातील या भीतीने लोक गप्प बसतात, पण घरात लहान लेकरं असतात, त्यांचा विचार आधी.