आईचा ब्रिटनचा व्हिसा नाकारला, तेव्हा

मार्च २०२४ मध्ये आईचा पासपोर्ट परत आला. आत व्हिसाचा स्टिकर नव्हता, इंग्रजी पत्र होतं. मी इंग्लंडमध्ये लीड्सला, गरोदरपणाचा सातवा महिना. आई वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी. भावाने पत्र वाचून अर्थ सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी काय तिकडं ऱ्हायला निघाले हुते व्हय? हितं म्हशी कोण बघणार?"

अधिकाऱ्याला हवं होतं ते उत्तर हेच होतं, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही जोडलेल्या कागदांत म्हशी कुठेच नव्हत्या. आजी नव्हती, ऊस नव्हता. होतं ते एक बँक स्टेटमेंट आणि तालुक्याच्या गावातल्या एका एजंटाने लिहून दिलेलं साचेबंद पत्र. ज्यांच्या घरी असंच पत्र आलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

त्या रात्री लगेच पुन्हा अर्ज भरू नका. मी भरायला बसले होते, नवऱ्याने थांबवलं. तेच कागद पुन्हा पाठवले तर उत्तरही तेच येतं आणि फी पुन्हा जाते. आम्ही भरली तेव्हा ती ११५ पौंड होती, म्हणजे जवळपास बारा हजार रुपये. आईच्या हिशेबात ते कितीतरी दिवसांचं दूध.

अपिलाची आशाही फार धरू नका. कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांना पूर्वी अपिलाचा पूर्ण हक्क होता, तो २५ जून २०१३ पासून गेला. आता मानवी हक्कांचा मुद्दा असेल तरच अपील, आणि साध्या भेटीत तो क्वचितच टिकतो. न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे निर्णय कायद्याला धरून घेतला का हे कोर्टाकडून तपासून घेण्याचा मार्ग आहे, पण त्याला तीन महिन्यांची मुदत आहे आणि वकिलाचा खर्च मोठा. जोडलेला महत्त्वाचा कागद अधिकाऱ्याने पाहिलाच नाही असं पत्रावरून स्पष्ट दिसत असेल, तर ब्रिटनमधल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला जरूर विचारा. एरवी नवा अर्ज हाच रस्ता. त्यासाठी सक्तीने थांबावं लागत नाही. पण काहीतरी बदललेलं हवं, निदान कागदावर तरी.

आता ते पत्र शांतपणे वाचा. एकट्याने नको, दोघांनी मिळून. आमच्या पत्रात 'व्ही ४.२' या नियमाचा उल्लेख होता. त्याचा साध्या मराठीतला अर्थ असा: भेट संपल्यावर ही व्यक्ती परत जाईल का, सांगितलेल्या कारणासाठीच येते आहे का, आणि खर्चाला पुरेसे पैसे आहेत का. मी वहीत डाव्या बाजूला पत्रातलं एकेक वाक्य लिहिलं आणि उजवीकडे त्याला उत्तर देणारा कागद कोणता, ते. तीन ठिकाणी उजवी बाजू कोरी राहिली. पुढचे तीन महिने त्या कोऱ्या जागा भरण्यात गेले.

पहिली कोरी जागा पैशांची. अर्जाआधी तीन आठवडे भावाने आईच्या खात्यात सहा लाख टाकले होते. खात्यात रक्कम दिसली पाहिजे, असा एजंटाचा सल्ला. एरवी ज्या खात्यात वीस-पंचवीस हजार असतात तिथे एकदम सहा लाख आले, तर कुणीही विचारणारच की हे कुठून आले. भावाची नियत चांगली होती, पण त्या रकमेनेच सगळ्या अर्जावर संशय आला. दुसऱ्या वेळी आम्ही काहीही फुगवलं नाही. आईचं खातं जसं आहे तसं दाखवलं आणि तिकीट, राहणं, जेवण हा खर्च मी करणार आहे, असं सरळ लिहिलं. नातेवाइकाने खर्च उचलायला नियमाची हरकत नाही. मात्र त्याची ऐपत दिसली पाहिजे आणि त्याचं ब्रिटनमधलं राहणं कायदेशीर हवं. मी सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट, माझ्या व्हिसाचा पुरावा, भाडेकरार आणि घरात खोल्या किती, माणसं किती हे जोडलं.

दुसरी जागा आईच्या उत्पन्नाची, आणि शेतकरी घरांतले अर्ज इथेच अडतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आईने कधी रिटर्न भरलेलं नाही. परदेशातल्या अधिकाऱ्याला त्यातून एवढंच दिसतं की या बाईला उत्पन्न नाही. मग डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढला. कारखान्याने ऊसबिल खात्यात जमा केलेल्या नोंदींवर खूण केली. दूध संस्थेकडून वर्षभराच्या बिलांचा शिक्का मारलेला उतारा घेतला. सगळं मराठीत, म्हणून भाषांतर करून घेतलं. भाषांतरावर ते अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क असावा लागतो. मूळ कागदही सोबतच लावायचा. शेवटी एका पानावर मी लिहिलं की वर्षभरात उसाचे किती येतात, दुधाचे किती येतात आणि घरखर्च किती. आकडे स्टेटमेंटशी जुळवून पाहिले. जिथे रोखीचा व्यवहार होता तिथे तो रोखीचा आहे असंच लिहिलं.

नावांचा घोळ आधीच तपासा. आईचं सातबारावरचं नाव 'बाई' लावून होतं, पासपोर्टवर तसं नव्हतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र केलं. नात्याचा पुरावा म्हणून मी आधी शाळा सोडल्याचा दाखला काढला, तर त्यावर फक्त वडिलांचं नाव. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं होतं, तेच उपयोगी पडलं.

तिसरी जागा सगळ्यांत महत्त्वाची: ती परत का जाणार? पहिल्या अर्जात आम्ही पूर्ण सहा महिने मागितले होते. जास्त मिळतात तर मागू या, एवढाच विचार. पण जिच्या दारात दोन म्हशी आणि घरात चौऱ्याऐंशी वर्षांची सासू, ती सहा महिने कशी जाईल, हे आम्ही स्वतःलाच विचारलं नव्हतं. दुसऱ्या वेळी आईलाच विचारलं, तुला खरंच किती दिवस जमेल? ती म्हणाली, "दसऱ्याच्या आत घरात पायजे. फुडं ऊसतोड." त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला होता. म्हणून २५ ऑगस्ट ते ८ ऑक्टोबर असे साडेसहा आठवडे मागितले, आणि कारणही तेच लिहिलं. तेवढे दिवस आजीला काकू सांभाळणार आणि धारा चुलतभाऊ काढणार, याचं दोघांच्या सहीचं पत्र भाषांतरासह जोडलं. घर, जमीन, माणसं, जनावरं, हंगाम. परतण्याची कारणं तुमच्याकडेही असतील. ती घरात सगळ्यांना माहीत असतात म्हणून कुणी लिहीत नाही.

भेटीचं कारण लपवू नका. 'पर्यटन' लिहा, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. मी लिहिलं की मुलीचं बाळंतपण झालं आहे, आई नातीला पाहायला येते आहे आणि थोडे दिवस हातभार लावेल. छोट्या भेटीत आजीने नातवंड सांभाळायला मनाई नाही. पगारी आया म्हणून किंवा कायम सांभाळायला येणं चालत नाही. मी कामावर जाणार आणि आई दिवसभर मूल बघणार असा बेत असेल, तर हा फरक नीट समजून घ्या.

आधीचा नकार मात्र अर्जात लिहायचाच. फॉर्ममध्ये कोणत्याही देशाने नाकारलेल्या व्हिसाबद्दल प्रश्न असतो. तिथे 'नाही' लिहिणं किंवा बनावट कागद लावणं म्हणजे फसवणूक, आणि तिच्यापायी दहा वर्षांची बंदी येऊ शकते. साधा नकार नीट भरलेल्या नव्या अर्जाने मागे टाकता येतो, हा डाग निघत नाही. एजंटाने भरलेला फॉर्म पाठवण्याआधी ओळ न् ओळ वाचा. सही तुमच्या आईची असते, त्याची नाही.

सगळ्यांत अवघड भाग कागदांचा नव्हता. आईने डिंकाचे लाडू करून ठेवले होते, भावकीत सांगून झालं होतं. नकारानंतर ती महिनाभर कुणाकडे हळदीकुंकवालाही गेली नाही. तिला वाटत होतं, आपल्याला चोर ठरवलं. मी रोज फोनवर तिला सांगायचे की हा निकाल तुझा नाही, मी पाठवलेल्या फायलीचा आहे. तुम्हीही सांगा, आणि एकदाच सांगून थांबू नका. म्हाताऱ्या माणसांना अपमान फार लागतो. बाळंतपणाला कुणीतरी हवंच असेल, तर व्हिसाच्या भरवशावर न राहता दुसरी सोय करून ठेवा. माझ्याकडे दोन मैत्रिणी पाळीपाळीने आल्या. लाडू एका ओळखीच्या मुलासोबत पोचले. बारसं व्हिडिओवर झालं. आईने पाळणा तिकडून म्हटला.

अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून भरता येतो, आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. आम्ही जुलैच्या सुरुवातीला भरला. बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला आई भावासोबत पुण्याच्या व्हीएफएस सेंटरवर, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रावर गेली. या वेळी पासपोर्टमध्ये स्टिकर होता.

विमानात बसताना कागदांचा एक संच तिच्या हातातल्या पिशवीत दिला, सामानात नाही. व्हिसा असला तरी उतरल्यावर अधिकारी विचारू शकतो, आणि आईला इंग्रजी येत नाही. माझं नाव, पत्ता, फोन, परतीच्या तिकिटाची तारीख असं एक पान सगळ्यात वर ठेवलं होतं. मँचेस्टरला तिने ते पान पुढे केलं, अधिकाऱ्याने मला फोन लावला, दोन प्रश्न विचारले आणि तिला सोडलं. गणपती आम्ही लीड्सला बसवला.

८ ऑक्टोबरला ती निघाली. ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, म्हणून परतीचा बोर्डिंग पास आणि मुंबईला उतरल्याच्या शिक्क्याची प्रत मी त्याच फायलीत लावून ठेवली आहे. पुढच्या अर्जात तोच पहिला कागद असेल.