गोरखगड चढलात, आता उतरा

कळसूबाई झाली, राजमाची झाली, भर पावसात लोहगडही झाला, आणि आता 'जरा थरारक' काहीतरी हवंय असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बूट कुठले, सॅकमध्ये काय भरायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. तरी सांगतो, होळीनंतर तीन लिटरच्या खाली पाणी घेऊन निघू नका.

कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. पण अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे तिथे कस लागतो तो फक्त छातीचा आणि मांड्यांचा. कातळाला हात लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, तिथून वेगळं प्रकरण सुरू होतं. कलावंतीण सुळका, गोरखगड आणि हरिहर किल्ला ही त्यातली मुंबईकरांची नेहमीची नावं. यातल्या एकाही ठिकाणी चढणं फार कठीण नाही. तोच तर सापळा आहे.

चढताना खोबण तुमच्या डोळ्यांसमोर असते. हात कुठे घालायचा ते दिसतं, आणि जिथे हात होता तिथेच थोड्या वेळाने पाय येतो. उतरताना पाय आधी जातो, आणि पायाला डोळे नसतात. पोट आणि सॅक मध्ये येतात, खालची पायरी दिसत नाही, दिसते ती थेट दरी. म्हणजे जो टप्पा तुम्ही गप्पा मारत पाच मिनिटांत चढलात, तोच उतरायला अर्धा तास लागू शकतो. तोही दमलेल्या पायांनी.

मला हे गोरखगडाने शिकवलं. कल्याणहून मुरबाड, म्हसामार्गे देहरी, मग जंगलातून चढून कातळातल्या पायऱ्या आणि ती प्रशस्त गुहा. समोर चाफ्याची झाडं, पलीकडे मच्छिंद्रगडाचा सुळका. गुहेपासून माथ्यापर्यंत पुन्हा उभ्या कोरीव पायऱ्या आहेत, काही झिजलेल्या, काही नुसत्या खोबण्या. वर महादेवाचं छोटं देऊळ आणि नंदी. तिथपर्यंत सगळं मजेत. उतरताना मी दरीकडे तोंड करून बसत बसत निघालो. सॅकच्या खाली कॅरीमॅटची, म्हणजे झोपायच्या चटईची, गुंडाळी बांधलेली होती. बसलो की गुंडाळी मागच्या पायरीवर टेकायची आणि मला हळूच पुढे ढकलायची. पुढे म्हणजे दरीत. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा उजवी पोटरी जी थडथडायला लागली ती थांबेचना. आमच्यातले एक वयाने मोठे दादा खालच्या पायरीवर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "अरे, तोंड कातळाकडे कर. दरी कुठे पळून जात नाही." मग माझ्या बुटाला हात लावून, "डावा अजून खाली… अजून… हां, टेक आता."

आजही कुठल्याही उभ्या टप्प्याच्या माथ्यावर वळायची वेळ आली की ती पोटरी मला आठवण करून देते. सरावाने भीती जाते असं म्हणतात, माझी पूर्ण गेलेली नाही.

तर उभा टप्पा उतरताना तोंड कातळाकडे. दोन हात-दोन पाय यातलं एका वेळी एकच हलवायचं, बाकी तीन टेकलेले. पाय सोडायच्या आधी कमरेतून थोडं बाहेर झुकून मांड्यांच्या मधून खाली बघायचं आणि पुढची खोबण हेरायची. इथे सगळ्यांची गडबड होते. भीती वाटली की माणूस कातळाला छाती चिकटवतो, मिठीच मारतो. त्याने दोन गोष्टी होतात: खालचं काही दिसत नाही, आणि वजन तळव्यावर न राहता पाय बाहेर सरकायला बघतो. हात लांब ठेवा, टाचा खाली सोडा, पायांवर उभे राहा. हातांनी लटकलात तर बोटं दहा मिनिटांत संपतात.

आणि सॅक. कॅरीमॅट, बाटली, बाहेर लोंबणारं जे काही असेल ते आधी काढा. बूड अडकेल असं वाटलं तर सॅक पाठीवरून उतरवून हातोहात खाली द्या. खाली भिरकावू नका, खाली माणसं असतात.

माझा स्वतःपुरता नियम असा आहे की नवीन टप्प्यावर तीन-चार खोबण्या चढलो की थांबतो आणि त्यातल्या दोन उतरून बघतो. जमलं तर वर. नाही जमलं तर तिथूनच मागे, कारण तिथे मी जेमतेम पुरुषभर उंचीवर असतो. मित्र हसतात. हसू देत.

सह्याद्रीचा कातळ भक्कम दिसतो, पण डोळे झाकून विश्वास ठेवायच्या लायकीचा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, त्यात उभ्या भेगा, आणि दर पावसाळ्यात त्या भेगांत पाणी. धरण्याआधी मुठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सोडून द्या. पावसाळ्यात शेवाळ, आणि नोव्हेंबरपासून घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, वाळलेलं गवत. दुसरं जास्त लबाड, कारण ते कोरडं असतं म्हणून आपण बिनधास्त असतो.

टप्प्यावर लोंबत असलेला जुना दोर धरू नका. तो कोणी, कधी, कशाला बांधला हे तुम्हाला माहीत नाही. उन्हात कडक झालेला दोर वरून धडधाकट दिसतो.

लीडरबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे. सगळ्यात पुढे धावणारा, ड्रोन उडवणारा माणूस मला लीडर वाटतच नाही. शेवटच्या भिडूच्या मागे कोण चालतंय ते बघा, शिकायचं त्याच्याकडून. बस भरून पन्नास जण आणि त्यांना दोन 'कोऑर्डिनेटर', अशा बॅचबरोबर कळसूबाईला खुशाल जा, हरिहरला नको. मुंबईत जुने क्लब आहेत. गिरिविहार तर 1954 पासून आहे. बेलापूरच्या कातळांवर किंवा चढाईच्या सरावासाठी बांधलेल्या एखाद्या भिंतीवर काही रविवार घालवा. छातीएवढ्या उंचीच्या दगडावर चढून त्याच खोबण्यांनी उतरणं, एवढाच सराव. कंटाळवाणा आहे, रील होत नाही, पण पाय आपोआप जागा शोधायला लागतात.

आणि हो, हे सगळं वाचून घाबरून बसू नका. मी उंचीला घाबरणारा माणूस, आमच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्याला टेकत नाही. मला जमतं. दम असलेले, जिमवाले कितीतरी जण टप्प्यावर गडबडतात आणि साडी नेसलेल्या आज्या त्यांच्या बाजूने शांतपणे उतरून जातात.

क्रम विचाराल तर आधी नेरळजवळचा पेब किल्ला, मग गोरखगड, मग कलावंतीण, मग हरिहर. अलंग-मदन हे किल्ले लगेच नाहीत. 1818 मध्ये इंग्रजांनी तिथल्या पायऱ्या उडवल्या, मधला कातळ दोराशिवाय पार होत नाही, आणि दोर म्हणजे जाणकार माणूस आलाच.

हरिहरला शनिवार-रविवार टाळा. कातळात कोरलेल्या उभ्या जिन्यावरून एका वेळी एकच जण जाऊ शकतो, आणि वर जाणारे-खाली येणारे मध्येच समोरासमोर आले की कोणीतरी एका खोबणीवर ताटकळतो. मधल्या वारी रजा टाका, रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने निघा, जीप आधी ठरवून ठेवा आणि उजाडताना निरगुडपाड्यातून चालायला लागा. दहाच्या आत जिना उतरून झाला पाहिजे, नंतर कातळ तापतो आणि हाताला घाम येतो.