दैनंदिन मालिकेत लेखक म्हणून शिरायचं कसं आणि तिथून निर्मितीकडे जायचं कसं

मालिकेसाठी लिहू पाहणारे बरेच जण स्वतःच्या मालिकेची कन्सेप्ट घेऊन थेट चॅनेलचं दार ठोठावतात आणि तिथेच वर्ष-दोन वर्षं घालवतात. नवख्याची कन्सेप्ट चॅनेल सहसा घेत नाही. चॅनेलला हवा असतो आठवड्याचे सहा-सात दिवस न चुकता पोहोचणारा भाग, आणि ती हमी निर्मितीसंस्था देते, एकटा लेखक देऊ शकत नाही. त्यामुळे आत जायची वाट दुसऱ्याच्या चालू मालिकेतून जाते, तीही बहुधा संवादलेखनातून.

दूरदर्शनवरच्या तेरा भागांच्या साप्ताहिक मालिका एकच लेखक पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहू शकायचा. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजचं झी मराठी) आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी (आजचं कलर्स मराठी) आल्यावर रोजच्या मालिकांचा धडाका सुरू झाला. महिन्याला पंचवीस-सव्वीस भाग एका माणसाच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून काम तीन खुर्च्यांत वाटलं गेलं.

कथा, पटकथा, संवाद

कथालेखक महिन्या-दोन महिन्यांचा ट्रॅक ठरवतो: कुठलं गुपित कधी फुटणार, लग्न कधी, लीप (कथेतली काही वर्षांची उडी) कधी. त्यातून आठवड्याची वनलाइन निघते, म्हणजे प्रत्येक भागात काय घडतं आणि तो कशावर संपतो एवढंच. पटकथाकार त्या वनलाइनचे सहा ते आठ सीन करतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं उरतात, तेव्हा एक सीन अडीच-तीन मिनिटांचा. कोण कुठे आहे, दिवस की रात्र, कुठल्या सेटवर, कोणाला काय ठाऊक आहे, हे सगळं पटकथेत. संवादलेखक शेवटी बोलणं लिहितो आणि त्याचे कागद थेट सेटवर जातात.

सत्ता कथेकडे असते आणि मागणी संवादाकडे. संवादलेखक आजारी पडला, थकला, सोडून गेला की दुसऱ्या दिवशी माणूस लागतो. नवख्याला संधी मिळते ती अशा वेळी. पटकथेची खुर्ची सगळ्यांत कमी मिरवणारी आणि सगळ्यांत जास्त शिकवणारी. पुढे निर्मितीत जायचं असेल तर दोनेक वर्षं तिथे काढाच, कारण सीनला पैसे किती लागतात हे तिथेच कळतं.

आत जाण्यासाठी हातात काय हवं

एकांकिका हा अजूनही सगळ्यांत भरवशाचा पुरावा आहे. पुरुषोत्तम करंडक, सवाई, लोकसत्ता लोकांकिका, शिवाय पूर्ण लांबीच्या नाटकांची राज्य नाट्य स्पर्धा इथे निर्मितीसंस्थांची आणि दिग्दर्शकांची नजर असते. लेखनाचं बक्षीस मिळालं नाही तरी प्रयोग झाला, लोक हसले-रडले, हे त्यांना दिसलेलं असतं. पुण्याच्या एफटीआयआयमधलं पटकथेचं शिक्षण उपयोगी आहे, पण प्रमाणपत्र पाहून कोणी सीन देत नाही.

नमुना म्हणून हे तयार ठेवा:

१. सध्या चालू असलेल्या एका मालिकेचा एक पूर्ण भाग, सीन आणि संवादांसह, त्याच मालिकेच्या भाषेत. पात्रांची बोलण्याची लकब पकडता आली का, एवढंच त्यात पाहतात.

२. स्वतःच्या कल्पनेतला एक दीर्घ सीन, दोन पात्रं, एक जागा.

३. एका पानाची कन्सेप्ट. विचारलं तरच द्यायची.

हे निर्मितीसंस्थेच्या क्रिएटिव्ह हेडकडे (मालिकेची कथा-लेखनाची बाजू सांभाळणारा प्रमुख) किंवा थेट चालू मालिकेच्या पटकथाकाराकडे पाठवा. पटकथाकाराकडे सहायक म्हणून लागणं ही सर्वांत पक्की वाट. सुरुवातीला कंटिन्युइटीचा तक्ता सांभाळायचं काम मिळेल: कोणाला कुठल्या भागात काय कळलं, कोणाच्या हाताला पट्टी आहे, कोण गावाला गेलंय. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण दोनशे भागांनंतर सगळं फक्त तुम्हालाच आठवत असतं आणि मग मीटिंगमध्ये तुम्हाला बसवावंच लागतं.

चाचणी म्हणून बहुधा दोन-तीन सीन लिहून मागतात. तेवढे द्या. पूर्ण आठवडा फुकट मागितला तर मानधन विचारा. जिथे त्या प्रश्नाचा राग येतो तिथे पुढेही बिलं अडकतात.

सीन उभा कसा राहतो

समजा वनलाइन आहे: सुनेने तोडे गहाण ठेवलेत हे सासूला कळतं. नवखा लेखक सासूच्या हातात पावती देतो आणि म्हणायला लावतो, "तू माझे तोडे गहाण ठेवलेस?" पहिल्याच वाक्यात सीन संपला. उरलेली अडीच मिनिटं रडारड आणि पार्श्वसंगीत.

आता पावती आदल्या सीनमध्येच सासूला सापडू द्या. या सीनमध्ये ती पालक निवडत बसली आहे.

"उद्या हळदीकुंकू आहे. तोडे घालशील ना?"

"पॉलिशला दिलेत, आई."

"कुठे? आपल्या नेहमीच्या सोनाराकडे?"

"हो."

"मग मी फोन करते त्याला. सकाळी घरीच आणून देईल."

सासू फोन उचलते, सुनेच्या चेहऱ्यावर चित्र फ्रीझ. प्रेक्षकाला ठाऊक आहे, सासूला ठाऊक आहे, सुनेला मात्र सासूला ठाऊक असल्याचं माहीत नाही. म्हणून साध्या वाक्यांना धार येते. दोन कलाकार, एक स्वयंपाकघर, एक फोन, म्हणजे चित्रीकरणालाही स्वस्त. उद्याचा प्रीकॅपही, म्हणजे भागाच्या शेवटी दाखवायची पुढच्या भागाची झलकही, हातात आली.

आता रात्री नऊला निरोप येतो: सुनेचं काम करणाऱ्या अभिनेत्रीच्या उद्या डेट्स नाहीत. सीन पुढे ढकलता येत नाही, परवाच टेलिकास्ट आहे. मग सासू तोच प्रश्न मुलाला विचारते आणि तो सहज म्हणतो, "लॉकरमध्ये ठेवलेत म्हणाली ती." नवऱ्याला सांगितलेलं खोटं उघडं पडलं, घटना पुढे सरकली, वेळापत्रक वाचलं. अर्ध्या-पाऊण तासात हा बदल करून देणारा लेखक टिकतो. भाषा सुंदर असलेले पण "उद्या बघतो" म्हणणारे लेखक पहिल्या तीन महिन्यांतच गळतात.

गाडी कुठे अडते

मालिका सुरू होताना भागांची बँक, म्हणजे आधीच तयार भागांचा साठा असतो, पंधरा-वीस भाग तरी. चार-सहा महिन्यांत ही बँक दोन-तीनवर येते. यात आळशीपणाचा वाटा कमी असतो. दर गुरुवारी बार्कचे (प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्था) आकडे येतात, आकडा पडला की चॅनेल ट्रॅक बदलायला सांगतं आणि तयार भागांतले काही सीन निकालात निघतात. सणाचा महाएपिसोड मध्येच येतो. गावातल्या लोकेशनवर पाऊस लागतो. लेखकाने यावर एकच उपाय करावा: चालू ट्रॅकखाली नेहमी एक छोटा उपट्रॅक जिवंत ठेवावा, दुय्यम पात्रांचा, घरातल्या घरात होणारा. मुख्य कलाकार नसताना दोन भाग त्याच्यावर निघतात.

चॅनेलच्या ईपीकडून (चॅनेलच्या वतीने मालिका पाहणारा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) सूचना येते तेव्हा वाद घालण्याआधी तिच्यामागचा आजार शोधा. "इथे एक थप्पड टाका" याचा अर्थ बहुतेक वेळा "इथे काही घडत नाही" असा असतो. थप्पड न टाकता काही घडवून दिलंत तर सहसा कोणी तक्रार करत नाही. सूचना तोंडी आली असेल तर त्याच रात्री मेलवर लिहून घ्या. आठवड्याने "हे कोणी सांगितलं होतं?" हा प्रश्न हमखास येतो.

करार आणि पैसा

मानधन भागामागे ठरतं. दर ठरवताना आकड्याइतकंच हे विचारा: पैसे भाग लिहिल्यावर की प्रसारित झाल्यावर? मंजूर होऊन नंतर रद्द झालेल्या भागाचं काय? एक तासाचा महाएपिसोड एक भाग धरणार की दोन? बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे? नव्वद दिवसांची मुदत या धंद्यात सर्रास आहे, म्हणजे कामाला लागल्यावर तीन-चार महिने खिशातून काढावे लागतात. व्यावसायिक मानधनावर सहसा १० टक्के टीडीएस कापला जातो, त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी हवं. करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीचा हक्क लेखकाला वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कोणाला देऊन टाकता येत नाही, तेव्हा "सर्व रॉयल्टी माफ" असं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. मराठी मालिकेचं हिंदीत किंवा दुसऱ्या भाषेत रूपांतर होणं आता नेहमीचं झालंय. त्याचं श्रेय आणि मोबदला करारात आधीच लिहून घ्या. श्रेयनामावलीत नाव कुठे, कोणत्या शब्दांत येणार, हेही.

मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन कन्सेप्ट आणि पटकथा नोंदवून ठेवा. नोंदणीने हक्क निर्माण होत नाही, तो लिहिताक्षणीच तुमचा असतो. नोंदणीमुळे त्या तारखेला हे लेखन तुमच्याकडे होतं याचा पुरावा मिळतो. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये हेच सांगितलं. म्हणून तोंडी कन्सेप्ट ऐकवू नका. पात्रं, पहिल्या वीस भागांचा आराखडा आणि एक लिहिलेला भाग असा ऐवज मेलने पाठवा.

लेखनातून निर्मितीकडे

तीन वाटा आहेत. निर्मितीसंस्थेत असोसिएट क्रिएटिव्ह, मग क्रिएटिव्ह हेड, मग प्रोजेक्ट हेड: लेखकाला ही सगळ्यांत जवळची. चॅनेलमध्ये ईपी होऊन फिक्शन हेडपर्यंत: पगार दरमहा, पण लिहिण्याचा हात जातो. तिसरी सेटवरची, प्रोडक्शन मॅनेजर ते लाइन प्रोड्यूसर ते कार्यकारी निर्माता. लेखक तिकडे क्वचित जातात आणि नेमकं तेच ज्ञान पुढे कमी पडतं. क्रिएटिव्ह हेड असताना महिन्यातून चार दिवस तरी पूर्ण शिफ्ट सेटवर बसा: जनरेटर, जेवण, प्रवास, कपडेपट, ज्युनिअर आर्टिस्ट, घराचं भाडं यांची बिलं कशी येतात ते पाहा. फिल्मसिटी, मढ किंवा घोडबंदर रोडचा सेट आणि साताऱ्याचा खरा वाडा यांच्या खर्चात कलाकारांच्या मुक्कामाचा केवढा फरक पडतो, हे बिल पाहिल्याशिवाय कळत नाही.

स्वतः निर्माता व्हायचं ठरलं की गणित असं मांडा. आजच्या पद्धतीत चॅनेल भागामागे ठरलेली रक्कम देतं आणि मालिकेचे हक्क बहुधा स्वतःकडे ठेवतं. निर्मात्याचा नफा म्हणजे ती रक्कम वजा खर्च. पैसे प्रसारणानंतर नव्वद दिवसांनी येणार असतील आणि आठवड्याला सहा भाग असतील, तर पहिला चेक येण्याआधी सुमारे ७७ भागांचा खर्च झालेला असतो. त्यात सेट उभारणी आणि सुरुवातीची पंधरा-वीस भागांची बँक मिळवली की आकडा नव्वद-पंच्याण्णव भागांच्या खर्चाच्या पुढे जातो. एवढं भांडवल किंवा ते पुरवणारा भागीदार नसेल, तर जुन्या निर्मितीसंस्थेबरोबर सहनिर्माता म्हणून उतरा: कथा आणि लेखकांची फळी तुमची, पैसा त्यांचा, वाटा आधी लिहिलेला.

भागाचा खर्च काढताना दहा टक्के वेगळे ठेवा आणि ते दुसऱ्या युनिटचे समजा. बँक संपली की एकाच दिवशी दोन युनिट लावावी लागतात, दोन दिग्दर्शक, दोन कॅमेरे, दोन जेवणं, आणि चॅनेल त्याचे जादा पैसे देत नाही. ही वेळ पहिल्या सहा महिन्यांतच येते.