३१ डिसेंबरच्या ऑनलाइन ब्रिजची तयारी

३१ डिसेंबरच्या रात्री मित्रमंडळींत ऑनलाइन ब्रिज (चौघांनी जोडीजोडीने, आधी बोली लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ) खेळायचं ठरत असेल, तर पंधरा दिवस आधी माणसं मोजायला घ्या. ‘येतो की, बघू’ म्हणणाऱ्याला मोजू नका. टेबलाला चार लागतात, टीम मॅचला आठ, आणि मधल्या आकड्यांचा काही उपयोग नाही. पाच जमले तर एक जण रात्रभर नुसता बघत बसतो. ब्रिज बेस ऑनलाइनवर, म्हणजे सगळे ज्याला बीबीओ म्हणतात तिथे, रिकाम्या जागी रोबो बसवता येतो. पण रोबोबरोबर खेळायला बाकीचं वर्ष पडलंय. आठ पक्के आणि दोन राखीव एवढे नक्की करा, आणि राखीव माणसांना ते राखीव आहेत हे स्पष्ट सांगा, नाहीतर ऐन वेळी रुसवेफुगवे.

टीम मॅचच का, असं कोणीतरी विचारेलच. तिथे दोन टेबलांवर तेच डाव वाटले जातात. एका टेबलावर तुमची जोडी उत्तर-दक्षिण बसते, दुसऱ्यावर तुमचीच दुसरी जोडी पूर्व-पश्चिम. त्यामुळे ‘आज पानंच आली नाहीत’ ही सबब चालत नाही. तीच पानं समोरच्या टीमच्या माणसालाही आलेली असतात.

मग वेळ. भारतात रात्रीचे साडेआठ म्हणजे दुबईत संध्याकाळचे सात, लंडनमध्ये दुपारचे तीन, न्यू जर्सीत सकाळचे दहा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे सात. ही वेळ जमते. सिडनीत मात्र तेव्हा १ जानेवारीचे पहाटेचे दोन वाजलेले असतात, त्यांना बोलावणं म्हणजे छळ आहे. सगळ्यांची सोय बघायला गेलात तर कोणाचीच होत नाही. सिडनीकरांसाठी दुसरा दिवस ठेवा. निरोपात नुसतं ‘साडेआठ’ लिहू नका, प्रत्येक गावाची वेळ लिहा. लंडनला आणि अमेरिकेत हिवाळ्यात घड्याळं एक तास मागे असतात, आणि उन्हाळ्यातला फरक पाठ असलेली मंडळी बरोबर एक तास उशिरा उगवतात. डाव २४ पुरेत. डावाला सात मिनिटं धरली तर बारा डाव जवळपास दीड तास घेतात. मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी दिली तरी पावणेबाराच्या आत हिशेब हातात येतो.

आता खरं काम: भिडूशी बोलणं. हे त्या रात्री टेबलावर बसून करायचं नसतं आणि ‘तू नेहमीचंच खेळ’ एवढ्यावर तर मुळीच सोडायचं नसतं, कारण नेहमीचं प्रत्येक देशात वेगळं असतं. लंडनमध्ये खेळायला शिकलेला माणूस अ‍ॅकॉल नावाच्या बोलीपद्धतीने खेळतो. त्याची वन नोट्रंप (बिनहुकमाची सुरुवातीची बोली) १२ ते १४ पॉइंटांची (एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे गुण), आणि इस्पिक किंवा बदाम तो चार पानांवरही बोलतो. अमेरिकेत शिकलेल्याची वन नोट्रंप १५ ते १७ची, आणि इस्पिक-बदामाला त्याला पाच पानं लागतात. समजा तुमच्याकडे १० पॉइंट आहेत आणि समोरून वन नोट्रंप आली. अमेरिकन हिशेबाने बेरीज किमान २५, म्हणजे गेम (मोठ्या बोनसची बोली, इथे थ्री नोट्रंप) बोला. लंडनच्या हिशेबाने बेरीज २२ ते २४, आणि थ्री नोट्रंप बहुधा बुडते. पानं तीच, बोली तीच, फक्त आधी एक फोन झाला नाही.

तेव्हा त्या फोनवर पहिला प्रश्न नोट्रंपच्या रेंजचा. दुसरा, इस्पिक-बदाम किती पानांवर. तिसरा, टू बदाम आणि टू इस्पिक कमजोर की जोरदार. स्टेमन आणि ट्रान्सफर (वन नोट्रंपला उत्तर द्यायच्या ठरलेल्या रीती) बहुतेकांना येतात, तरी विचारून घ्या. ब्लॅकवुडवर (भिडूकडे किती एक्के आहेत हे विचारणारी बोली) मात्र थांबा. हुकमाचा राजा धरून पाच ‘की कार्ड’ मोजता हे ठीक, पण उत्तर कुठल्या पद्धतीने? एका पद्धतीत फाइव्ह किलवर म्हणजे एक किंवा चार, दुसरीत शून्य किंवा तीन. इथे गफलत झाली तर स्लॅम (बारा किंवा तेरा हातांची बोली) जातो. व्हल्नरेबल असताना (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे असलेल्या डावात) फोर इस्पिक बोलून तेरापैकी बारा हात केले तर ६८०, सिक्स इस्पिक बोलून केले तर १४३०. फरक ७५०चा, म्हणजे एका डावात १३ इम्प (टीम मॅचमधले गुण). चोवीस डावांची मॅच अनेकदा त्याहून कमी फरकाने सुटते. शेवटी बचावाच्या खुणा: भिडूच्या एक्क्यावर मोठं पान टाकलं तर ‘अजून खेळ’ की ‘सोड’? दोन्ही पद्धती चालतात, म्हणून ठरवावं लागतं. एवढं एका कागदावर मावतं. फोनवर हौसेने नवीन कन्व्हेन्शन्स (ठरवून खास अर्थ दिलेल्या बोली) सुचवणारा भिडू भेटेल; त्याला जानेवारीत बघू म्हणून सांगा. प्रिसिजनसारखी अख्खी वेगळी बोलीपद्धत तर त्या रात्री अजिबात सुरू करू नका.

बीबीओवर सूचना देण्याची रीत उलटी आहे, हे क्लबात खेळणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. क्लबात भिडूच्या बोलीला खास अर्थ असेल तर तुम्ही अ‍ॅलर्ट म्हणता. ऑनलाइन स्वतःच्या बोलीला स्वतःच अ‍ॅलर्ट देता आणि अर्थ लिहिता. तो विरोधकांना दिसतो, भिडूला दिसत नाही. मला ही रीत क्लबातल्यापेक्षा बरी वाटते.

यंत्रसामग्रीबद्दल थोडक्यात. फोनवर खेळू नका, बोट चुकून शेजारच्या पानावर पडतं. ज्येष्ठ मंडळींसाठी टॅब किंवा लॅपटॉप. पासवर्ड आदल्या दिवशी टाकून बघा. लाइट जाणाऱ्या भागात राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. रात्री शुभेच्छांचे मेसेज धबाधबा येतात, सगळे ग्रुप म्यूट करा. नव्या खेळाडूंना निदान चार डाव आधी खेळायला लावा. पान उचलायचं कुठून हे मॅचमध्ये विचारायची गोष्ट नाही.

घरात नवरा-बायको दोघंही खेळणार असतील तर दोन खोल्या, दोन दारं, आणि ती दारं बंद. काका-काकूंना हे सांगताना अवघड वाटतं, पण सगळ्यांना एकच नियम सांगितला की कोणाला लागत नाही. मॅच लावताना प्रेक्षकांना प्रवेश बंद ठेवा. २०२० मध्ये क्लब बंद पडले आणि सगळं ब्रिज ऑनलाइन आलं, तेव्हा अव्वल दर्जाचे काही खेळाडूसुद्धा दुसऱ्या अकाउंटने स्वतःच्याच टेबलावर प्रेक्षक म्हणून बसून चौघांचीही पानं बघताना सापडले. आपल्या मंडळींवर संशय नाही, पण सोय उघडी का ठेवायची? ज्यांना नुसतं बघायचंय त्यांना डाव नंतर बघता येतात.

‘अन्डू’ (चुकलेली बोली किंवा पान मागे घेणं) द्यायचं की नाही, हे आधी ठरवा. माझं मत: बोली देताना बोट चुकलं तर द्यावं, पान खेळल्यावर नाही. क्लेम केला (‘उरलेले इतके हात माझे’ असं सांगितलं) की विरोधकांना पानं दिसतात आणि त्यांनी मान्य केलं तरच डाव संपतो, तेव्हा क्लेम करताना हात कसे होणार ते दोन शब्दांत लिहा. नुसता क्लेम टाकून गप्प बसणाऱ्यामुळे वेळही जातो आणि डोकंही तापतं. आणि विचार करायला वेळ लागला तर लागू द्या, पण ‘माफ करा, जेवण वाढतेय’ असं चॅटमध्ये लिहिलंत तर भिडूला उगाच अर्थ काढावे लागत नाहीत.

वर्षअखेरीला कोणाला तरी ‘थोडे थोडे पैसे लावू या’ अशी हुक्की येते. नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, आणि त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा असा भेद ठेवलेला नाही. हरलेल्या टीमने एक तारखेला पुढच्या मॅचचा सगळा पत्रव्यवहार करायचा, एवढी शिक्षा पुरते.

बारा वाजता खेळ अर्धवट ठेवायची वेळ येऊ नये म्हणून वर पावणेबाराचा हिशेब केलाय. उशीर झालाच तर चालू डाव पुरा करून थांबा, नवा डाव उघडू नका. व्हिडिओ कॉल बारा वाजताच सुरू करा, मॅच चालू असताना नाही. आणि कोण जिंकलं हे सांगण्यापलीकडे त्या रात्री डावांवर बोलू नका, विशेषतः स्वतःच्या भिडूशी. खेळलेले सगळे डाव बीबीओवर पानं आणि बोलीसकट नंतर उघडता येतात. पोस्टमॉर्टेम १ तारखेला दुपारी, जेवण झाल्यावर, आणि त्याच कॉलवर फेब्रुवारीची तारीख व आठ नावं लिहून घ्या, कारण संक्रांत झाली की माणसं हाताला लागत नाहीत.