आधी थुंकायला शिका: फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत जाणाऱ्या कोकणी दोस्तांसाठी

व्हिसा, तिकीट, हॉटेल हे सगळं नंतर. आधी थुंकायला शिका. फ्रान्समध्ये एका बैठकीला पाच-सहा लाल वाइन पुढे येतात, प्रत्येकीचे दोन-तीन घोट. टेबलावर एक भांडं असतं, त्याला 'क्राश्वार' म्हणतात. ते शोभेला ठेवलेलं नसतं. पहिल्या दिवशी आम्हा चौघांनाही लाज वाटली, यजमानाने दिलेलं थुंकायचं कसं? तिसऱ्या मळ्यापर्यंत आमचा बोटवाला गाडीत घोरत होता आणि मास्तर ड्रायव्हरला एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवत होते. त्या दिवशीच्या शेवटच्या दोन वाइन कशा होत्या, विचारू नका.

म्हणून जायच्या आधी पंधरा दिवस रोज पडवीत पाण्याचा सराव करा. ओठ आवळून, एका धारेत, शिंतोडे न उडवता. पानसुपारीच्या घरात वाढलेल्यांना हे काय शिकवायचं म्हणा. आमचे आजोबा झोपाळ्यावरून बरोब्बर अंगणातल्या माडाच्या आळ्यात पिचकारी मारायचे.

आम्ही म्हणजे देवगडच्या शाळेतले एका वर्गातले चौघे: मास्तर, डॉक्टर, बोटवाला आणि मी आंबेवाला. मळेवाल्यांच्या लेखी मात्र आम्ही 'भारतातले चार काका' होतो.

जायचं कधी? बागायतदाराला मार्च ते मे सुटका नाही, पावसात तिथली गर्दी आणि भाडी अंगावर येतात. ऑगस्टमध्ये तर कितीतरी मळेवाले स्वतःच सुट्टीवर असतात. सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालते. भर हंगामात कोणी तुमच्या बागेत येऊन 'जरा माहिती सांगा' म्हणालं तर तुम्ही काय कराल? तेच ते करतात. गणपती, नवरात्र उरकून ऑक्टोबरच्या मध्याला निघा. तोडणी बहुतेक संपलेली असते, वेलींची पानं पिवळी-तांबडी झालेली असतात आणि तळघरात आंबवणीचा असा वास भरलेला असतो की पहिल्या पायरीलाच आपल्या काजूच्या बोंडांच्या डब्याची आठवण यावी. मोहोराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत परत.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. विम्याचं कवच किमान ३०,००० युरोचं लागतं. पहिल्या खेपेला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावंच लागतं, तेव्हा मुंबईसाठी कणकवलीहून रात्रीची गाडी धरा आणि चौघांची वेळ एकाच दिवसाची घ्या. आमच्या बोटवाल्याची वेगळी पडली, तो अजून बोलून दाखवतो.

कुठे जायचं, तर पहिल्या खेपेला दोनच प्रांत. बोर्दो आणि बर्गंडी. पॅरिसहून बोर्दो जलद गाडीने दोन तासांवर. तिथे नदीच्या डाव्या काठाला मेदोक, तिकडच्या वाइनमध्ये काबेर्ने सोविन्यों द्राक्षाचा जोर. उजव्या बाजूला सँतेमिलियों आणि पोमेरोल, तिथे मेर्लो. मेदोकची बडी शातो, म्हणजे वाइनवाल्यांचे वाडे-मळे, १८५५च्या प्रतवारीच्या यादीतली. ती यादी तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी केली आणि अजून तीच चालते. पहिल्या वर्गात त्यानंतर बढती मिळाली ती एकट्या मूतों रोतशिल्डला, १९७३मध्ये. आपल्याकडच्या मानपानाच्या याद्या यापेक्षा लवकर बदलतात! ही बडी ठिकाणं बाहेरून बघावीत, फोटो काढावा आणि पुढे जावं. बोर्दोहून लोकल गाडीने सँतेमिलियोंला अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं आणि स्टेशनपासून गावापर्यंतची वाट मळ्यांतूनच जाते. ती चालतच जा.

बर्गंडीसाठी दिजोंमार्गे बोन गाठा. तिथे मळे लहान, एकेका वाफ्याला नाव, लाल वाइन बहुतेक एकाच द्राक्षाची, पिनो न्वार. गामे नावाच्या द्राक्षाला तिथल्या ड्यूकने १३९५मध्ये हुकूम काढून हाकललं, ते खाली बोजोलेत सुखाने नांदतंय. बोनमध्ये १४४३ साली स्थापन झालेलं गरिबांचं जुनं इस्पितळ आहे. देणगीत मिळालेले मळे त्याच्या मालकीचे आहेत आणि दर नोव्हेंबरात त्या वाइनचा लिलाव होतो. आमचा डॉक्टर तिथून हलेना.

दिवसाला दोनच मळे. एक सकाळी दहाला, एक दुपारी तीनला. बारा ते दोन फ्रान्स जेवतो, हे कोरून ठेवा. आम्ही एका ठिकाणी सव्वाबाराला, न कळवता, फाटकाशी उभे राहिलो. आतल्या कुत्र्याखेरीज कोणी दखल घेतली नाही. दोन-तीन आठवडे आधी चार ओळींची मेल करा: किती जण, कोणत्या दिवशी, इंग्रजी चालेल का, चाखायचे पैसे किती. आत शिरताना आधी 'बोंजूर मादाम' किंवा 'बोंजूर मस्य', मग बाकीचं. हे न म्हणता थेट प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याकडे चपला घालून माजघरात शिरणं. लहान मळ्यावर निघताना एखाद-दुसरी बाटली विकत घ्या. माणसाने तासभर दिलेला असतो.

गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घ्या, चौघांत परवडते. तिथली मर्यादा लिटर रक्तामागे अर्धा ग्रॅम आहे, आपल्यापेक्षा थोडी सैल. पण त्या सैलपणाचा हिशेब चाखता चाखता करायचा नसतो.

सकाळी अत्तर नको, तपकीर नको, सुपारी तर मुळीच नको. मास्तरांनी न राहवून खिशातली रोठा सुपारी तोंडात टाकली आणि पुढच्या तिन्ही वाइन त्यांना 'तुरट' लागल्या. लागणारच.

चाखायचं असं. ग्लास दांड्याला धरा, पांढऱ्या कागदावर तिरका करा. पिनो न्वारमधून कागदावरची अक्षरं दिसतात, तरुण मेदोकमधून बोटही दिसत नाही. मग गोल फिरवून वास. मग लहान घोट, ओठांतून थोडी हवा आत ओढायची, गरम चहाचा भुरका मारतो तशी. जिभेवर सगळीकडे फिरवा आणि थुंका. थुंकल्यावर चव किती वेळ टिकते ते मनात मोजा. चांगली वाइन तिथे कळते.

यजमान म्हणेल, काळ्या करंटचा वास येतोय. आम्ही चौघांनी जन्मात ते फळ पाहिलेलं नाही. मुकाट मान डोलावू नका, आपलं फळ सांगा. हिरड्या ओढून धरणारा जो तुरटपणा, तो टॅनिनचा. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून येतो आणि आपल्याला काजूच्या बोंडामुळे लहानपणापासून ठाऊक आहे. जांभूळ, करवंद, आमसूल, ओली पानगळ, चुलीजवळ वाळलेलं लाकूड, एवढ्या शब्दांत माझी सगळी टिपणं झाली. बोटवाल्याने एका जुन्या बर्गंडीला 'पहिल्या पावसानंतरचं रान' म्हटलं. दुभाषी बाईंनी ते सांगितल्यावर मळेवाल्याने ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

आणि किमतीपेक्षा झाडाबद्दल विचारा. सँतेमिलियोंजवळच्या एका लहान मळ्यात मालक आधी घड्याळाकडे बघत बोलत होता. मी वाकून वेलीच्या बुंध्याकडे पाहिलं. जमिनीपासून चार बोटांवर गाठ, वरचं खोड वेगळं, खालचं वेगळं. मी अंगठा ठेवला आणि म्हटलं, हे कलम आहे. तो थबकला. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे मळे मुळांपासून खाल्ले. औषधं हरली, शेवटी अमेरिकी वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीची कलमं बांधून धंदा वाचवला. मी मोबाईलवर माझा हापूस दाखवला: खाली रायवळची कोय, वर हापूसची काडी, तीच गाठ. मग त्याने विचारलं, हेक्टरला किती झाडं? माझी शंभर, त्याची साडेसहा हजार. दोघेही हसलो. २०२१च्या एप्रिलातल्या हिमाने त्याचे कोंब जाळले होते, मी त्याला अवकाळीने झडलेला मोहोर सांगितला. तो आत गेला आणि विक्रीच्या यादीत नसलेली एक बाटली घेऊन आला. ती आम्ही थुंकली नाही.

त्यांच्याकडे कोणत्या जमिनीतल्या वाइनला कोणतं नाव लावायचं याचा कायदा १९३५पासून आहे. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ला. कर्नाटकच्या आंब्याला 'देवगड'ची पेटी घालणाऱ्यांची गोष्ट मी त्याला सांगायला घेतली होती, डॉक्टरने बाहेर ओढलं.

परतताना माणशी दोन लिटरपर्यंत वाइनला सीमाशुल्क लागत नाही. बाटली ७५० मिलीची, म्हणजे दोनच. तिसरी मर्यादा ओलांडते. बाटल्या हातातल्या सामानात चालत नाहीत, तेव्हा आधी प्लॅस्टिकमध्ये, मग जाड पंचात गुंडाळून बॅगेच्या मधोमध. डॉक्टरने कडेला ठेवली होती. त्याचे पांढरे शर्ट आता कोकमाच्या आगळात बुडवल्यासारखे दिसतात.

घरी आल्यावरची खरी अडचण हवा. लाल वाइन १६ ते १८ अंशांवर प्यायची, आणि आपलं माजघर मे महिन्यात बत्तीसला. म्हणून बाटली उघडण्याआधी पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, लाजू नका. उरलेल्या बाटल्या आंब्याच्या अढीच्या खोलीत मुळीच नकोत. फ्रिजच्या तळाला आडव्या ठेवा आणि वर्षाच्या आत संपवा.

मासळीशी जपून. बोटवाल्याने हौसेने ताजे बांगडे आणले, आम्ही मेदोक उघडली, आणि तोंडात गंजलेला नांगर चाटल्यासारखं झालं. वाइनमधलं लोह आणि तेलकट मासा यांचं जमत नाही. माशाला बोजोलेची हलकी गामे थंड करून घ्या. मेदोकला मटण, पण मिरची निम्मी, कारण तिखटाने तुरटपणा दुप्पट बोचतो. बर्गंडीला मात्र काळ्या वाटाण्याचं सांबारं लागलं. हे कुठल्या फ्रेंच माणसाने सांगितलेलं नाही, मास्तरांच्या वहिनींनी ताटात वाढलं होतं म्हणून कळलं.

आता एक बाटली राहिली आहे, त्या कलमवाल्या मळेवाल्याने निघताना हातात दिलेली. मास्तर म्हणतात दिवाळीला, बोटवाला म्हणतो नारळी पौर्णिमेला बोट सोडताना. डॉक्टर आजच म्हणतो, पण त्याला मत नाही, त्याने स्वतःची फोडली आहे.