जखमी जवान घरी येतो तेव्हा: कोल्हापूरच्या घरांसाठी

युनिटमधून फोन येतो तेव्हा घरात एकच गलका होतो आणि निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. फोन घेणाऱ्यानं पहिल्यांदा वही ओढावी आणि लिहून घ्यावं: बोलणाऱ्याचा हुद्दा, नाव, नंबर, हॉस्पिटल आणि वॉर्ड, जखम नक्की कुठल्या अवयवाला, घरच्यांना बोलावलंय का आणि किती जणांना. तिकीट काढण्याआधी त्याच नंबरवर पुन्हा फोन करा. काश्मीरमध्ये जखमी झालेला जवान आज श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलात असला, तरी परवा उधमपूरच्या कमांड हॉस्पिटलात असू शकतो. पहिल्या पत्त्यावर पोचून पेशंट पुढे गेल्याचं कळणं बायको-आईला फार जड जातं.

दोघांनी जावं, दहा जणांनी नव्हे. एक बायको किंवा आई, दुसरा हिंदी नीट बोलणारा धडधाकट माणूस. पंधरा दिवसांनी एकाची बदली करा. गावात राहिलेल्यांनी त्याच रात्री कामं वाटून घ्यावीत: पोरांची शाळा कोण बघणार, डेअरीला दूध कोण घालणार, ऊस तुटायला आलाय तर टोळीशी कोण बोलणार. घरची घडी नीट आहे हे कळलं की कॉटवरचा माणूसही शांत होतो. प्रकृती स्थिर झाल्यावर पुण्याला हलवता येईल का, हे युनिटला आणि डॉक्टरांना जरूर विचारा. कोल्हापूरहून पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि पुढची मोठी ठिकाणं तिथंच आहेत: वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र (१९४४ पासूनचं) आणि खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलचं मणक्याच्या दुखापतीचं केंद्र.

आता घरी आल्यावरचं. जखम डॉक्टर बरी करतात; त्यानंतरचं नुकसान बहुतेक वेळा घरातल्या प्रेमानंच होतं. उशी दिली, उचलून बसवलं, पाणी हातात दिलं, आणि सहा महिन्यांत सांधा आखडला, पाठीला जखम झाली, माणूस उठायचाच विसरला.

पाय कापला असेल तर

गुडघ्याखाली पाय कापलेल्याच्या उरलेल्या पायाखाली उशी देऊ नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर कृत्रिम पाय नीट बसत नाही. खुर्चीत बसताना पाय लोंबकळत ठेवायचा नाही, फळीवर सरळ ठेवायचा. डॉक्टरांची हरकत नसेल तर दिवसातून दोन-तीनदा वीस मिनिटं पालथं झोपायचं. मांडीतून कापलेल्याला तर हे हवंच, कारण त्याचा खुबा आखडतो.

क्रेप बँडेज बांधायला घरातल्या दोघांनी शिकून घ्यावं, डिस्चार्जच्या आधी नर्ससमोर स्वतःच्या हातानं बांधून दाखवावं. गुडघ्याखालच्या पायाला चार इंची पट्टी, मांडीला सहा इंची. सुरुवात टोकापासून (म्हणजे कापलेल्या पायाच्या शेवटाकडून), पट्टी तिरकी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. गोल-गोल वेढे कधीच नाहीत: गोल वेढ्यानं मधे दोरी आवळल्यासारखं होतं, टोक फुग्यासारखं सुजतं आणि तो फुगा सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीत) जात नाही. गुडघ्याखालच्या पट्टीचा शेवट गुडघ्याच्या वर व्हायला हवा, नाहीतर ती तासाभरात घसरते. दर चार ते सहा तासांनी सोडून, कातडी बघून पुन्हा बांधा. ठणका लागला, कातडी निळसर किंवा गार लागली तर लगेच सोडा.

टाके निघून जखम भरली की टोकाला हळूहळू सवय लावायची: आधी हाताने चोळणं, मग मऊ कापड, मग खरखरीत टॉवेल. नसलेल्या पायाची बोटं दुखतात असं तो म्हणाला तर ते वेडेपण नव्हे. मेंदूतला त्या पायाचा नकाशा अजून पुसला गेलेला नसतो. धड पाय आरशात दिसेल असा उभा आरसा दोन्ही पायांच्या मधे ठेवून व्यायाम करतात. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

कृत्रिम पाय मिळाला की पहिल्या वर्षात टोक आक्रसत जातं आणि सॉकेट सैल होतं. म्हणून त्यावर मोजे चढवतात. एक, तीन, पाच अशा प्लायमध्ये (जाडीत) ते मिळतात, आणि दुपारी पाय खाली सरकतोय असं वाटलं तर एक मोजा वाढवायचा. एकूण मोजे दहा प्लायच्या आसपास गेले की आणखी मोजे घालत बसू नका, केंद्रात जाऊन सॉकेट बदलून घ्या. टोक आणि सॉकेट रात्री धुवायचं, सकाळी नाही. ओल्या, फुगलेल्या कातडीवर सॉकेट चढवलं की ती सोलवटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मोजे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे किमान सहा जोड हवेत. दमट मोजा घालण्यापेक्षा एक दिवस कुबडीवर काढलेला बरा.

मणक्याला मार लागला असेल तर

कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाचा खरा शत्रू म्हणजे एका जागी राहिलेला दाब. कातडी दुखत नाही, म्हणून तो हलत नाही; रक्त पोचत नाही आणि ती कुजते. कॉटवर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. भिंतीवर कागद लावून वेळ आणि सही टाका, नाहीतर पहाटे तीनची पाळी हमखास चुकते. व्हीलचेअरवर दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून एक-दोन मिनिटं दाब सोडायचा. टाचांखाली पोटरीकडून उशी अशी द्यायची की टाच हवेत राहील.

सकाळ-संध्याकाळ आरसा धरून पाहायचं: माकडहाड, बसायची दोन हाडं, खुबे, घोटे, टाचा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. लालच राहिला किंवा अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर पुन्हा बसायचं-झोपायचंच नाही, आणि चोळायचंही नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथं गरमपणा, कडकपणा हातानं तपासावा लागतो.

भाजण्याचा धोका आपल्या घरांत जास्त. बंबातलं कढत पाणी, शेकाची पिशवी, मांडीवर ठेवलेलं गरम रश्श्याचं ताट: त्याला काहीच कळत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. पाणी आधी दुसऱ्यानं कोपरानं तपासायचं, ताट नेहमी टेबलावर.

कॅथेटर बहुधा दर चार ते सहा तासांनी लावायला शिकवतात. एका वेळी पाचशे मिलीच्या वर लघवी निघत असेल तर मधलं अंतर कमी करा. लघवी लागते म्हणून पाणी कमी पिणं ही सगळ्यात मोठी चूक. गढूळ लघवी आणि तापाची सुरुवात तिथूनच होते.

छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर एक धोका घरातल्या पोरासोरांनाही माहीत हवा. अचानक फाटेल असं डोकं दुखणं, चेहरा लाल, कपाळावर घाम, आणि बीपी नेहमीपेक्षा २० ते ४० नं वर. अशा माणसाचं वरचं बीपी एरवी ९०-१०० असतं, त्यामुळे १४० पाहून 'थोडंच वाढलंय' असं समजू नका. ताबडतोब उठून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-कपडे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली आहे का बघा. लघवी तुंबणं हेच बहुतेक वेळा कारण असतं. दोन-चार मिनिटांत उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल, आणि मणक्याची दुखापत आहे हे दारातच सांगा.

घर

सोप्यातून माजघरात जायला उंबरा, आणि संडास परड्यात. हे आधी बदलायचं. सहा इंच उंचीला किमान सहा फूट लांब उतार लागतो. गवंडी जागा वाचवायला तीन फुटांत उरकू बघतो, तिथं ठाम राहा, कारण तेवढ्या चढावर खुर्ची उलटते. दाराची मोकळी रुंदी ३२ इंच, खुर्ची वळवायला पाच फूट जागा. कमोड बसवा, बाजूला भिंतीत पक्का लोखंडी दांडा. न्हाणीघरात गुळगुळीत फरशी नको.

माणसं आणि खाणं

भावकी, तालमीची पोरं, पै-पाहुणे सगळे येणार. प्रेमानंच येतात, पण संध्याकाळी ५ ते ७ एवढीच वेळ ठरवा आणि दारावर लिहा. भेटायला येणाऱ्यांनी 'झालं कसं?' हे विचारू नये. सत्कार, मिरवणूक, फोटो त्याला विचारूनच. घरात निर्णय घेताना तो समोर असताना त्याच्या डोक्यावरून बोलू नका.

जखम भरायला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम; साठ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या रिचवून ती मिळत नाहीत, त्यातल्या फोडी खायला हव्यात. अंडी, दूध, उसळी, दही रोज. तंबाखू आणि सिगारेट बंद, त्यानं रक्तपुरवठा आखडतो आणि जखम रेंगाळते.

मन

झोप उडणं, दचकणं, चिडचिड, गर्दी टाळणं, तासन्‌तास गप्प राहणं. महिनाभर टिकलं तर डॉक्टरला दाखवायचंच. स्फोटात सापडलेल्याला बाहेर जखम नसली तरी डोकेदुखी, विसराळूपणा आणि उजेड-आवाज सहन न होणं असू शकतं. त्याला आळशी म्हणू नका. गणपतीतला डॉल्बी आणि दिवाळीचे फटाके यांची तयारी आठवडाभर आधी करा: मंडळाशी बोलून ठेवा, किंवा ते दिवस शेतातल्या घरी काढा. 'मी ओझं झालोय' असं तो बोलला तर 'असं बोलू नये' म्हणून विषय तोडू नका. जीव द्यायचं मनात येतं का, हे सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. होय म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि शेतीची विषारी फवारणी कुलपात ठेवा, आणि १४४१६ या टेलीमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या) नंबरवर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो.

बायकोकडेही बघा. रात्री तीन वेळा उठणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन रात्री सलग झोप मिळालीच पाहिजे. ती पाळी दिरानं किंवा सासऱ्यांनी घ्यायची.

कागद

एक जाड फाईल, त्यात प्रत्येक डिस्चार्ज स्लिप. जखमेचा अहवाल (आयएएफवाय-२००६) भरला गेलाय का आणि जखम बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत किंवा शत्रूविरुद्धच्या कारवाईत झालेली) म्हणून नोंदली की फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणानं झालेली) म्हणून, हे युनिटकडून लेखी घ्या. फरक मोठा आहे. बोर्डआउट झालेल्याला (मेडिकल बोर्डानं नोकरीतून काढलेल्याला) शंभर टक्के अपंगत्व धरलं तर पेन्शनमधलं डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं, वॉर इंज्युरी एलिमेंट १०० टक्के. दोन वर्षांनी ही नोंद दुरुस्त करणं फार कठीण जातं, साक्षीदार बदलून गेलेले असतात. मेडिकल बोर्डाच्या कागदावर न वाचता सही नको. नाकारल्याचं पत्र आलं तर त्यातली अपिलाची मुदत कॅलेंडरवर लिहा.

दुसरी नेहमीची अडचण नावाची. लग्न आणि मुलांची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये (युनिटच्या अधिकृत नोंदीत) आहे का, बायकोच्या नावाचं स्पेलिंग आधार, बँक आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एकच आहे का, हे आत्ताच तपासा. बाकी अर्जांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, उपचारांसाठी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना). सरकारी सवलतींना लष्करी बोर्डाचा कागद पुरत नाही, वेगळं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) लागतं. त्याची तपासणी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात करून घ्या.

पुढचं काम

१९१७ साली सुरू झालेल्या, आता खडकीत असलेल्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अपंग सैनिकांना कामधंदा शिकवला जातो. खडकीतच बीईजीमध्ये (बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये) लष्कराचं पॅरालिम्पिक केंद्र आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. तुमच्या माणसाला पदक नको असेल, तरी सकाळी बाहेर पडायला कारण हवं: दुकान, डेअरीचा हिशेब, पोरांची शाळा. जिथं जायला तो स्वतः गाडी चालवू शकेल तिथं चालवू द्या. साईड व्हील लावलेली स्कूटर आरटीओत तशी नोंदवून घ्या आणि लायसन्सवरही तसा शेरा करून घ्या, नाहीतर अपघात झाला की विम्याचा दावा अडकतो.