आकाशगंगा दिसली नाही? या चुका टाळा

“एवढं लांब गेलो, रात्रभर जागलो, पण आकाशगंगा काही दिसली नाही.” कधी गेला होतात म्हणून विचारावं, तर उत्तर येतं, कोजागरीला! पौर्णिमेच्या चांदण्यात तो फिकट पट्टा पार धुऊन जातो. मात्र अमावस्येसाठीच अडून बसायचंही कारण नाही. संध्याकाळी बघायचं असेल तर पौर्णिमेनंतर पाच-सहा दिवसांनी जा, चंद्र उशिरा उगवतो. पहाटे बघायचं असेल तर हिशोब उलटा: शुद्ध दशमीपर्यंत चंद्र पहाटे तीनच्या सुमारास मावळलेला असतो.

दुसरी चूक परदेशी वेळापत्रकाची. जून ते ऑगस्ट हा आकाशगंगेचा हंगाम, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तेव्हा आपल्याकडे ढग! आपले हंगाम दोन. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चार ते पाच, आग्नेय-दक्षिणेला. नाहीतर ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्यापासून नऊपर्यंत, नैर्ऋत्येला. नोव्हेंबरच्या मध्यावर मात्र सर्वांत ठळक भाग आठलाच मावळतो. हिवाळ्यात मृगाजवळूनही पट्टा जातो, पण तिकडे आपण आकाशगंगेच्या केंद्राच्या उलट दिशेला, बाहेरच्या अंगाला बघत असतो. म्हणून तो फिका.

जागा निवडताना शहरापासून किती लांब एवढंच बघतात. शहर कोणत्या दिशेला आहे हेही बघा. ठळक भाग दक्षिणेकडे असतो, त्यामुळे शहराचा उजेड पाठीमागे, उत्तरेला हवा. ऑक्टोबरात पाऊस थांबला असेल तर कोकणचा किनारा उत्तम, नैर्ऋत्येला नुसता समुद्र. विदर्भातल्यांना पेंच आहेच. 2024 मध्ये त्याला ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या जागेचा दर्जा मिळाला.

पोचल्यावर वीस-तीस मिनिटं अंधारात बसा. मध्येच कुणी मोबाइल उघडला की डोळ्यांची तयारी पुन्हा पहिल्यापासून. (दर गटात असा एक जण असतोच.)

आणि फोटोतले जांभळे-गुलाबी रंग विसरा. मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत; दिसतो तो दुधट, राखाडी पट्टा. पुष्कळ जण तो बघूनही ‘ढग आहे’ म्हणून मान वळवतात. खात्री करायची तर अर्धा तास थांबा. ढग भरकटतो, पट्टा ताऱ्यांना धरूनच सरकतो. त्यातल्या काळ्या भेगा म्हणजे ताऱ्यांविना मोकळी जागा नव्हे, ती ताऱ्यांमधली धूळ आहे. वृश्चिकाच्या नांगीजवळ, धनूच्या हद्दीत, सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर केंद्र आहे. या धुळीमुळेच ते डोळ्यांना दिसत नाही.

दुर्बिणीचा हट्टही नको. मोठ्या दुर्बिणीत आकाशाचा चिमूटभर तुकडा मावतो. चटईवर पाठ टेका आणि साधी 7×50 द्विनेत्री (सातपट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) मूळ नक्षत्रापासून, म्हणजे वृश्चिकाच्या नांगीपासून, वर श्रवणाच्या तेजस्वी ताऱ्यापर्यंत हळूहळू फिरवत न्या. दुधट डाग फुटून एकेक तारा वेगळा होऊ लागतो.